दुःखात नापास

मला बत्तीस मार्क पडले. शंभरपैकी. विषय होता, बायको गेल्याचं दुःख.

मार्क मला पडले नाहीत, गेणभाऊला पडले, असं माझी भाची स्नेहल म्हणते. पण गेणभाऊ माझ्यासारखा बोलतो, माझ्यासारखा गुडघा धरून बसतो, बोलायच्या आधी माझ्यासारखाच खाकरतो. बायको गेल्याचं कळल्यावर तो जे बोलला तेसुद्धा मीच सांगितलेलं. तेव्हा नापास कोण झालं ते तुम्हीच ठरवा.

गेणभाऊ कंप्युटरच्या पडद्यावर राहतो. स्नेहल पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथं अशी माणसं बनवतात. पडद्यावर माणूस दिसतो, तुमचं ऐकतो, उत्तर देतो, घाबरतो, चिडतो. शिकाऊ डॉक्टरांनी त्याच्यासमोर बसायचं आणि त्याला सांगायचं की, तुमची बायको वारली. वाईट बातमी कशी सांगावी याचा सराव. खऱ्या नातेवाइकांवर सराव केला तर त्यांना त्रास होतो, म्हणून ही सोय. हे मला स्नेहलनं फोनवर सांगितलं तेव्हा मी विचारलं, "आणि गेणभाऊला त्रास होत नाही?"

"मामा, तो नाहीच आहे."

"बरं. पण त्याची बायको रोज मरणार?"

"दिवसातून दहा-बारा वेळा," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं आपण कुणाशी बोलतोय. "मामा, तुम्हाला चालणार नसेल तर राहू द्या. पण आम्हाला जुन्नर-आंबेगावकडचा साठीच्या पुढचा माणूस पाहिजे. पुण्यातला एक नट घेतला होता. तो पहिल्याच वाक्याला छाती बडवून 'आरं द्येवा' म्हणतो. आपल्याकडे असं कुणी म्हणतं का?"

आपल्याकडे असं कुणी म्हणत नाही. मी एकतीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे गाई-म्हशींना इंजेक्शनं दे, अडलेल्या गाई सोडव, असली कामं. पिंपरी पेंढारपासून पार आहुप्यापर्यंत फिरलो आहे. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी नाही नाही म्हणत आलो, पण फार जोरात नाही. या नोकरीत वाईट बातमी सांगायचं काम मलाही पुष्कळ पडलं. आहुप्याला जानकू म्हणून एक भातशेती करणारा माणूस होता. त्याचा बैल वाचणार नाही हे मी त्याला सांगितलं, तेव्हा तो "बरं" म्हणाला. मग बैलाच्या गळ्यातलं दावं सोडलं, त्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला, आणि मला म्हणाला, "साहेब, तुमची यष्टी किती वाजता हाय? चुकंल तुमची." छाती त्यानं बडवली नाही.

मी हो म्हणालो ते दोन कारणांनी. एक म्हणजे मला कुठलीही वस्तू आतून कशी चालते हे बघायची खोड आहे. माझी बायको भागू म्हणायची, या माणसाला पाहुणा म्हणून नेऊ नये, हा लोकांच्या घरचा मिक्सर उघडून बघतो.

दुसरं कारण भागूच. ती जाऊन पंधरा महिने झाले. पुण्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात होती, नाव सांगत नाही. ती गेली तेव्हा मी खाली औषधांच्या रांगेत होतो. पिशवी घेऊन वर आलो तर जिन्याशी एक तरुण डॉक्टर उभा. त्यानं सांगितलं. मी म्हणालो, "बरं." त्याला वाटलं मला कळलं नाही. त्यानं परत सांगितलं, जरा मोठ्यानं. मी परत "बरं" म्हणालो. मग त्यानं तिसऱ्यांदा सांगितलं, आणखी मोठ्यानं आणि हातवारे करून, एक हात वर आकाशाकडे नेऊन. जिन्यावरची सगळी माणसं बघायला लागली. मग मी त्याला विचारलं, "ही औषधं आता कुणाकडं देऊ?" त्यानं माझ्याकडे असं बघितलं की, मी माणूस आहे का कोण आहे. तेवढ्यात त्याला कुणी हाक मारली आणि तो गेला.

पोरगा वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलं नव्हतं. माझ्यासारख्या माणसाला ऐकू येतं आणि कळतंसुद्धा, एवढं एका जरी डॉक्टरला कळलं तरी पुष्कळ, असं मला वाटलं. एवढ्यासाठी मी गेणभाऊ व्हायला तयार झालो.

पण गेणभाऊ होणं सोपं नाही. आधी फॉर्म आला, चौदा पानांचा. पान चारवर लिहिलं होतं: या कामासाठी व्यक्तीस जवळचं माणूस गेल्याचा प्रत्यक्ष अनुभव असावा, पुरावा जोडावा. मी भागूचा मृत्यूचा दाखला जोडला. पान नऊवर लिहिलं होतं: ज्यांचं जवळचं माणूस दोन वर्षांच्या आत गेलं आहे अशा व्यक्तीस, तिच्या मनाची काळजी म्हणून, या कामात घेऊ नये. म्हणजे पान चारवर मी पास आणि पान नऊवर नापास. स्नेहलनं कंपनीच्या समितीला विचारलं. समितीनं आठ दिवस विचार केला आणि कळवलं, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा.

एका ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ब्लडप्रेशर बघितलं, छाती तपासली, जीभ बघितली. मग पेन हातात घेऊन बराच वेळ बसले.

"सोपानराव, यात लिहू काय?"

"मी दुःखी व्हायला फिट आहे असं लिहा."

त्यांनी लिहिलं: सदर इसम दुःख करण्यास शारीरिकदृष्ट्या पात्र आहे. खाली सही, शिक्का. तो कागद मी लॅमिनेट करून ठेवला आहे. सरकारी नोकरीत इतका सुस्पष्ट कागद मला कधी मिळाला नाही.

मग स्नेहल आणि तिच्या कंपनीतला भरत नावाचा इंजिनिअर पिंपळवंडीला आमच्या घरी आले. तीन दिवस राहिले. पडवीत दोन कॅमेरे, एक दिवा आणि माझ्या शर्टाला गुंडीएवढा माइक. मी बसायचं, ते विचारणार, मी सांगणार.

भरतनं मला गेणभाऊचं आतलं दाखवलं. पडद्यावर ओळीनं पट्ट्या होत्या. दुःख, राग, भीती, लाज, विश्वास, अपराधीपणा. प्रत्येकीवर शून्य ते शंभर. समोरचा डॉक्टर काय बोलतो त्यावर पट्ट्या खालीवर होतात आणि त्याप्रमाणे गेणभाऊचा चेहरा, आवाज आणि शब्द बदलतात. मला फार आवडलं. माणसाला असं उघडून कुणी दाखवलं नव्हतं.

"यात भूक कुठंय?" मी विचारलं.

"भूक?" भरत म्हणाला.

"माणूस गेलं की लई भूक लागते. आणि भूक लागली म्हणून लाज वाटते. तुझ्याकडं लाज आहे, पण भूक नाही. मग ती लाज कशाची आणणार तू?"

भरतनं स्नेहलकडे बघितलं. स्नेहलनं वहीत लिहिलं. संध्याकाळी भुकेची पट्टी आली.

मला जोर चढला. "गेणभाऊकडं म्हैस आहे का?"

"मामा, तो दवाखान्यात आहे."

"तो दवाखान्यात आहे, पण म्हैस घरी आहे. साडेपाच वाजले की याचं निम्मं लक्ष तिकडं जाणार. धारेची वेळ."

म्हैस दिली. म्हैस दिल्यावर ती कुणावर सोपवून आला हा प्रश्न आला, म्हणून शेजारी दिला. शेजाऱ्याला फोन करायला फोन दिला. फोन दिल्यावर चार्जिंग संपत आलेलं पाहिजे, कारण दवाखान्यात कुणाचंच चार्जिंग पुरं नसतं. गुडघेदुखी दिली. मग त्याला कुणी खुर्ची दिली नाही तर दुखणार, म्हणून उभं राहण्याचा त्रास दिला. तिसऱ्या दिवशी भरत म्हणाला, "मामा, आता तुम्ही झोपायला गेलात तर बरं होईल. गेणभाऊचा सातबारा तेवढा राहिलाय."

एवढं सगळं करून गेणभाऊ पुण्याला गेला. तिथं बारा जणांनी त्याला बघून मार्क द्यायचे होते, हा माणूस किती खरा वाटतो म्हणून. एकानं बातमी सांगितली. गेणभाऊ खाकरला. "बरं" म्हणाला. मग फोन काढून शेजाऱ्याला म्हणाला, "म्हशीला पेंड भिजवून ठेव, मला उशीर हाय."

बत्तीस मार्क. शेरा लिहिला होता: भावना जाणवत नाहीत. पत्नीपेक्षा म्हशीत अधिक रस.

दोघं परत आमच्याकडे आले, पण स्नेहलनं मला हे वाचून दाखवलं नाही. मी मागून तिच्या लॅपटॉपमध्ये बघितलं. पस्तीसला पास असतात. तीन मार्क कमी. पंधरा महिने मी एकटा कुकरला दोन शिट्ट्या देऊन भात करतोय, आणि पुण्यातल्या बारा जणांना भावना जाणवत नाहीत. मी त्या दिवशी जेवलो नाही. म्हणजे जेवलो, पण उशिरा.

गावात ही गोष्ट पोचायला फार वेळ लागला नाही, कारण मीच चांगदेवला सांगितली. चांगदेव माझा शेजारी. जत्रेतल्या नाटकात बावीस वर्षं राजाचं काम करतो आणि दरवर्षी तिसऱ्या अंकात मरतो. मरतो फार चांगला. भागूला आणायला गाडीत तोच होता, तेव्हा ते जिन्यावरचं औषधांचं बोलणं त्यानं तिथल्या कुणाकडून ऐकलं होतं आणि गावभर केलं होतं. वाईट हेतूनं नव्हे. त्याला गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

"डॉक्टर, मी पयल्यापास्नं सांगतोय," तो म्हणाला. "तुमी खऱ्यातच नाय रडला. ते खोट्यात कसं यायचं?"

"रडलो नाही म्हणजे काही वाटलं नाही असं नसतं, चांगदेव."

"आवो मला म्हाईत हाय राव. पण मागं बसलेल्या पब्लिकला दिसाया पायजे का नको? वाटलं, वाटलं म्हणून कोण टाळी देतंय?"

"मला टाळी नको आहे."

"मार्क तर पायजेत?"

त्यानं पडवीतच मला दाखवलं. एक पाऊल मागं घ्यायचं, भिंतीला हात, डोळे वर, आणि "न्हाईऽऽ". शेजारची कुत्री उठून गेली. भरतनं तेही रेकॉर्ड केलं, कारण त्याला सगळंच रेकॉर्ड करायची सवय.

आवाज ऐकून बायडाबाई आल्या. बायडाबाई आमच्या आळीत सगळ्यात थोरल्या. पाच गावांत कुणी गेलं की त्यांना आधी निरोप जातो. त्या रडायला लागल्या की मेलेल्या माणसाचे सगळे गुण, त्याच्या विहिरीचं पाणी, त्याच्या बैलांची नावं, सगळं सुरात येतं, आणि ज्याचं गेलेल्याशी भांडण असतं तोही डोळे पुसतो. असं काम मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही.

"काय रं सोपाना, तुला म्हणं नापास केलं?"

"मला नाही काकू, गेणभाऊला."

"त्यो कोण? आसंल. पुरुषाला कुठं रडाया येतंय? हुंदका गळ्यातनं काढशील तर घसा बसंल. मग दहाव्याला काय करशील? पोटातनं काढायचा. आसा." आणि त्यांनी काढला.

स्नेहल दचकली. भरतच्या हातातला चहा सांडला. बायडाबाई डोळे कोरडे ठेवून म्हणाल्या, "हा नुसता सुरवातीचा. पुढलं सांगू का?"

त्यांनी पुढलं पाऊण तास सांगितलं. भरतनं ते सगळं गेणभाऊत घातलं. मला विचारलं नाही. सोमवारी पुण्यात परत बघितलं, तर गेणभाऊ बातमी ऐकून एक पाऊल मागं गेला, भिंतीला हात लावला, आणि त्याच्या भरड आवाजात सुरावर म्हणाला, "माझं माहेर तुटलं गं माय. आता पंचमीला मला कोण न्यायला यील?"

एकसष्ट मार्क. फर्स्ट क्लास.

निकाल घेऊन दोघं परत आले, पडवीत मला माइक लावला, तेव्हा मी स्नेहलला म्हणालो, "त्याला माहेर कुठून आलं?"

"मामा, ते दुरुस्त करू. पण बघा ना, बाराच्या बारा जणांना खरं वाटलं. एकीला रडू आलं."

"बायडाबाईंनी रडवलं तिला. मी जिन्यावर उभा होतो तेव्हा बायडाबाई नव्हत्या." माझा आवाज जरा चढला असावा, कारण चांगदेव कुंपणाशी येऊन उभा राहिला. "स्नेहल, उद्या तुझ्या गेणभाऊवर शिकलेला डॉक्टर खऱ्या जिन्यावर उभा राहील. समोरचा माणूस 'बरं' म्हणाला की त्याला वाटेल, याला कळलं नाही. किंवा याला काही वाटत नाही. मग तो मोठ्यानं सांगेल. मला तेच नको होतं."

तिला मी जिन्याचं कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, माइक शर्टालाच होता हे विसरून. रांगेतलंही सांगितलं. पुढं तेहतीस माणसं होती, मी मोजली होती. मोजत होतो तेव्हा ती वर गेली.

स्नेहल माझ्या बहिणीची मुलगी शोभते. तिनं कंपनीशी भांडण काढलं. शेवटी असं ठरलं की, शुक्रवारी मंचरला एका हॉलमध्ये खऱ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर दोन्ही गेणभाऊ ठेवायचे. एकसष्टवाला आणि बत्तीसवाला. ज्याचा उपयोग होईल तो ठेवायचा, दुसरा पुसून टाकायचा. पुसून टाकायचा हा शब्द ऐकून मला बरं वाटलं नाही. गुडघेदुखीसकट पुसणार.

मंचरला मी, चांगदेव आणि बायडाबाई गेलो. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बायडाबाई म्हणाल्या, "माझं काम हाय त्यात, मी बघणार." हॉलमध्ये पुढं पडदा, पडद्यासमोर एक खुर्ची, बाजूला टॅब घेऊन मार्क देणारी सहा माणसं. या डॉक्टरांना शिकवणाऱ्या एक वयस्क बाई होत्या, त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. आम्ही मागं.

आधी एकसष्टवाला. एक शिकाऊ डॉक्टर आला, बसला, बातमी सांगितली. गेणभाऊनं सूर लावला. माहेर काढलं होतं, बाकी होतं तसं होतं. डॉक्टर म्हणाला, "तुमच्या भावना मी समजू शकतो." मग पाण्याचं विचारलं, घरच्यांना फोन लावू का विचारलं, चार मिनिटांत सगळं पार पडलं. पेपर सोपा गेलेल्या पोरासारखा खूश होऊन तो बाहेर आला. बायडाबाईंनी सभोवार बघितलं, कुणाला कळतंय का म्हणून.

मग माझा. म्हणजे बत्तीसवाला. दुसरा डॉक्टर बसला. सांगितलं. गेणभाऊ खाकरला. "बरं."

डॉक्टर थांबला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळलं का? तुमच्या पत्नी गेल्या."

"बरं."

"म्हणजे त्या आता नाहीत!" आवाज चढला. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचा उजवा हात वर निघाला, आकाशाकडे.

मी खाली बघितलं. चांगदेवनं माझ्याकडे बघितलं असावं, कारण त्यानं हळूच विचारलं, "डॉक्टर, त्या दिवशी जिन्यावर आसंच झालं व्हतं ना?" मी मान हलवली. चांगदेवला न बोलता बसलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

तिसरी शिकाऊ डॉक्टर एक मुलगी होती, पडद्यावर बत्तीसवालाच. समृद्धी नाव. पिंपरी पेंढारची, घरी जनावरं असलेली, हे मला नंतर कळलं. तिनं आधी खुर्ची पुढं ओढली. पडद्यावरचा माणूस उभा होता, तर त्याला म्हणाली, "बाबा, बसता का? गुडघ्यावर हात हाय तुमचा." गेणभाऊ बसला. एवढ्या दिवसांत त्याला बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. मग तिनं सांगितलं. साध्या शब्दांत, एकदाच.

"बरं," गेणभाऊ म्हणाला.

ती पुढं काही बोलली नाही.

गेणभाऊही बोलला नाही. दहा सेकंद गेले. वीस गेले. मार्क देणारे एकमेकांकडे बघायला लागले. भरत आमच्या शेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता, तो पुटपुटला, "हँग झाला वाटतं," आणि त्यानं हात बटणाकडे नेला. मी त्याचं मनगट धरलं. अडलेल्या गाईच्या वासराचा पाय धरतात तसं, सोडायचं नाही असं.

"थांब. तो विचार करतोय."

"मामा, तो विचार करत नाही. तो..."

"थांब म्हणतो ना."

भरतच्या लॅपटॉपवर पट्ट्या दिसत होत्या. दुःख वर गेलं होतं आणि तिथंच होतं. भीती खाली आलेली. विश्वासाची पट्टी, जी आजपर्यंत वीसच्या वर गेली नव्हती, ती हळूहळू चढत होती. तिच्या मागून अपराधीपणाची. समृद्धी मांडीवर हात ठेवून बसून होती. एक मिनिट होत आलं असेल. एक मिनिट किती मोठं असतं ते अशा वेळी कळतं.

मग गेणभाऊ खाकरला आणि म्हणाला, "मी खाली रांगेत व्हतो. तिनं मला इचारलं का?"

हे मी त्याला सांगितलेलं नव्हतं. शपथेवर सांगतो. रांगेचं मी बोललो होतो, ते माइकनं ऐकलं होतं आणि भरतनं गेणभाऊत घातलं होतं. पण हा प्रश्न मी कुणापाशी काढला नव्हता, माझ्यापाशीसुद्धा नाही. नंतर स्नेहलनं मला समजावलं की, माझं रेकॉर्ड झालेलं सगळं बोलणं, वर गेलेल्या पट्ट्या आणि समोरची शांतता यांतून तो स्वतः वाक्य जुळवतो. मला ते पूर्ण कळलं नाही. अजून विचारतो आहे तिला.

समृद्धी म्हणाली, "मला माहीत नाही बाबा. मी तेव्हा तिथं नव्हते. सिस्टर होत्या. बसा तुम्ही, मी विचारून येते."

आणि ती उठली. तरातरा चालत दारापर्यंत गेली, दार उघडलं, बाहेर बघितलं. बाहेर मंचरच्या त्या हॉलचा कोरा कॉरिडॉर होता, आणि एक माणूस फरशी पुसत होता. सिस्टर कुठून असणार? ती दाराची मूठ धरून तशीच उभी राहिली. मग वळून सगळ्यांकडे बघितलं आणि लाजली.

कुणी हसलं नाही. चांगदेव हसायच्या बेतात होता, पण बायडाबाईंनी त्याच्या मांडीला चिमटा काढला.

सहाही जण मार्क द्यायचे विसरले होते. भरतनं आठवण केल्यावर दिले. अठ्ठावन्न. एकसष्टपेक्षा तीन कमीच. मला मॅट्रिकला सत्तेचाळीस होते, तेव्हा मी काही तक्रार करू शकत नाही. पण भिंतीला टेकलेल्या त्या बाई पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मार्क राहू द्या. पहिल्याशी बोलून कुणी दार उघडायला गेलं नाही. मला माझ्या पोरांसाठी हा पाहिजे." स्नेहलनं माझ्याकडे बघून अंगठा दाखवला. बायडाबाई म्हणाल्या, "म्हंजी माझं पुसणार? पुसू द्या. माझं मला तोंडपाठ हाय."

मी बाहेर पायऱ्यांवर येऊन बसलो. मला बरं वाटत होतं, आणि नव्हतंही. गेणभाऊला कुणीतरी उत्तर आणायला उठलं होतं. ते उत्तर मिळणं मात्र शक्य नव्हतं, कारण त्याच्या बायकोला कुणी सिस्टरच नव्हती.

थोड्या वेळानं समृद्धी आली आणि शेजारी बसली. समोर रस्त्यानं बटाट्याची पोती भरलेला ट्रॅक्टर गेला, तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघांनी बघितला.

"आतला माणूस तुमच्यावरून केलाय ना?" तिनं विचारलं.

"त्याला गुडघा माझा दिलाय."

"मग, विचारलं होतं का काकूंनी?"

"माहीत नाही."

"तुम्ही विचारलं नाही कुणाला?"

मी मिक्सर उघडून बघणारा माणूस. पंधरा महिन्यांत हे एक उघडून बघितलं नव्हतं. सिस्टर नाही म्हणाल्या असत्या तर काय करायचं, हे मला ठरवता आलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

"मी लावते फोन," ती म्हणाली. "वॉर्ड कुठला होता? मजला? तारीख?"

तारीख सांगायला मला वेळ लागला नाही. तिनं दवाखान्याचा नंबर काढला, तिथून वॉर्डचा मिळवला, कुणाकुणाला मी अमुक तमुक डॉक्टर बोलतेय म्हणून सांगितलं. एकानं थांबवलं, दुसऱ्यानं तिसरीकडे दिलं. तिनं दर वेळी पहिल्यापासून सगळं परत सांगितलं, न वैतागता. मग तिचा चेहरा बदलला. "हो, हो, त्याच. तुम्हीच होतात का ड्युटीला? एक मिनिट हं, त्यांच्याकडेच देते."

आणि फोन माझ्या हातात दिला.

"हॅलो," पलीकडून बाई म्हणाल्या. "बोला बाबा."

"नमस्कार," मी म्हणालो. "मी सोपान. पिंपळवंडीवरून. भागीरथीचा मी..."

एवढं बोललो आणि पुढं मला बोलता येईना. बायडाबाई म्हणतात ते बरोबर आहे, हुंदका गळ्यातून येत नाही, पोटातून येतो. चष्मा काढायलाही वेळ मिळाला नाही. हॉलच्या दारातून भरत बाहेर आला होता, त्याला स्नेहलनं दंडाला धरून आत ओढलं.

समृद्धीनं माझ्या हातातून फोन घेतला नाही. पलीकडच्या बाईंनीही ठेवला नाही. दोघी थांबल्या.